रुग्णकक्ष, भांडार आणि सर्पदंशाचा रुग्ण

राज्यातील ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा कारभार दोन ठिकाणांहून चालतो. रुग्णकक्षात वैद्यकीय अधिकारी व परिचारिका असतात, तर कार्यालय आणि भांडार लिपिकवर्ग व औषधनिर्माण अधिकारी सांभाळतात. पहिल्यांची नजर समोरच्या रुग्णावर असते, दुसऱ्यांची वर्षभराच्या तरतुदीवर. या दोहोंचा मेळ न बसल्यास काय घडते, हे सर्पदंशाच्या उपचारात विशेष स्पष्टपणे दिसून येते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष वापरले जाते. विषबाधेची लक्षणे दिसताच त्याच्या साधारणतः ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. घोणस किंवा फुरसे यांच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ती ६ तासांनी पुन्हा तपासून, सुधारणा नसल्यास आणखी मात्रा द्यावी लागते. एकाच रुग्णाला २० कुप्या लागणे, हे त्यामुळे नवलाचे नाही. शिवाय दंशाचे प्रमाण पावसाळ्यात, शेतीची कामे जोरात असताना वाढते. मागील वर्षाच्या खपास १२ ने भागून मागणीपत्रक तयार केले, तर हिशेब बिनचूक असूनही जुलैतील एखाद्या रात्री कपाट रिकामे आढळावयाचे. मग रुग्णाला जिल्हा रुग्णालयात हलविण्यात जाणारा वेळ त्याच्या जिवावर बेततो.

याचा दोष एकट्या कार्यालयास देणे मात्र अन्यायाचे होईल. मुदतबाह्य झालेल्या औषधाबद्दल लेखापरीक्षणात जाब भांडारपालास द्यावा लागतो, डॉक्टरांस नव्हे. घाईच्या वेळी वापरलेल्या कुप्यांची नोंद रुग्णकक्षातून आलीच नाही, तर पुढील मागणी तोकडी पडणारच.

काचेच्या नळीचा प्रश्न

रक्त २० मिनिटांत गोठते की नाही, हे पाहण्याच्या चाचणीस यंत्र लागत नाही. नवी, स्वच्छ व कोरडी काचेची नळी पुरते. प्लास्टिकच्या अथवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही नीट गोठत नाही आणि प्रतिविष विनाकारण खर्ची पडण्याचा संभव असतो. नळीसारखी किरकोळ वस्तू नेमकी काचेचीच का हवी, हे डॉक्टरांनी भांडारात कधी सांगितलेले नसते. आणि तेथूनही कोणी विचारीत नाही.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय कृती योजना केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. ग्रामीण रुग्णालयात तिचा आरंभ मे महिन्यातच व्हावयास हवा. वैद्यकीय अधीक्षक हे स्वतः डॉक्टर असून कार्यालयाचेही प्रमुख असतात. त्यामुळे रुग्णनोंदवही व साठा नोंदवही एकाच टेबलावर उघडून दोन्ही बाजूंस समोरासमोर बसविणे त्यांनाच शक्य असते. किमान साठा कुप्यांत न ठरविता ‘किती रुग्णांना पुरेल’ या मापाने ठरवावा. तो त्याखाली जाताच मागणी नोंदवावी आणि मुदत संपत आलेल्या कुप्या, दंशाचे रुग्ण अधिक येणाऱ्या शेजारच्या रुग्णालयास वेळीच द्याव्यात.