पेशीच्या पडद्यावरील काजवे

मृग नक्षत्र जवळ आलें कीं लोणावळ्यापलीकडे राजमाचीच्या रानांत काजवे चमकूं लागतात. दिवसा त्या झाडींत कोणता किडा कोठें फिरतो हें सांगतां येत नाहीं. रात्रीं मात्र प्रत्येकाची जागा प्रकाशानेंच कळते. पेशीच्या पडद्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना नेमकी हीच सोय हवी होती.

शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध रेणूंचा दुहेरी पडदा असतो. मिलिमीटरचे दोन लक्ष भाग केले तर त्यांतील सुमारें एका भागाइतकी त्याची जाडी. हा पडदा ताठ भिंत नसून प्रवाही आहे, असें सिंगर व निकोल्सन यांनीं १९७२ सालीं प्रतिपादिलें. त्यांतील कांहीं रेणूंच्या माथ्यावर शर्करेचा तुरा असतो व तो पेशीबाहेर डोकावतो. त्यांस शर्करास्निग्ध रेणू म्हणावें. शंभूनाथ डे यांनीं १९५९ सालीं कलकत्त्यास शोधून काढलेलें पटकीचें विष आंतड्याच्या पेशींत शिरतें, तें 'जीएम-१' नांवाच्या अशाच तुऱ्याला धरून. एक विषरेणू एका वेळीं असे पांच तुरे धरूं शकतो. अर्थात् हे तुरे विखुरलेले असतात कीं घोळक्यानें, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हे.

पण हे रेणू काजव्याप्रमाणें स्वयंप्रकाशी नाहींत. त्यांस दीप्तिमान् रंगरेणू जोडावा लागतो. तो एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा परत देतो. मुंबईच्या आयआयटींत शिकलेले सत्यजित मेयर यांनीं रजत वर्मा यांच्यासह बंगळूर येथें १९९८ सालीं हीच युक्ति योजिली. दोन रंगरेणू अगदीं निकट असतील तर एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. त्यावरून शर्करास्निग्ध नांगरानें पडद्याला बांधलेलीं प्रथिनें अतिसूक्ष्म पुंजक्यांत राहतात, असें त्यांना दिसलें.

खुद्द शर्करास्निग्ध रेणू रंगविणें अधिक कठीण होतें. रंग स्निग्ध शेपटीला जोडला कीं रेणूची मूळ वागणूकच बिघडे. म्हणून जपानांतील संशोधकांनीं तो रेणू प्रयोगशाळेंत भागाभागानें रचला आणि रंग शर्करेच्या निवडक जागीं बसविला. २०१६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं असा रेणू नैसर्गिक रेणूसारखाच वागतो. एखाद्या प्रथिनाच्या सोबतीला येतो आणि सेकंदाचा दहावा भागही न थांबतां पुढें जातो.

येथेंही काजव्यांच्या रानाचाच नियम लागू पडतो. प्रखर उजेडांत रंगरेणू लवकर विझतो. म्हणून पाहणाऱ्यानें आपला दिवा बेतानेंच लावावा.