माशी मोकळी वाहिली पाहिजे

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली मॅकेन्झी नदी वेगवान आणि खडकाळ आहे. तिथली ड्रिफ्ट बोट सपाट बुडाची, दोन्ही टोकांना वर उचललेली असते. त्यामुळे ती चटकन वळते.

इथला ट्राउट मासा पकडण्यासाठी गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ती इतकी हलकी असते की फेकता येत नाही. वजन असतं जाड दोरीला. फेकायची ती दोरीच. खरी अडचण पुढे आहे. काठावरून फेकलेली दोरी वेगवान धारेत सापडते, मध्येच वाकते आणि माशीला खेचू लागते. माशीमागे पाण्यावर बारीक रेघ उमटते. प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या किड्यामागे अशी रेघ नसते. ट्राउट ती पाहतो आणि बहुतेक वेळा तोंड फिरवतो.

बोटीतून गोष्ट पालटते. नावाडी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो, वल्ही आपल्याकडे ओढतो आणि बोटीचा वेग काठालगतच्या संथ पाण्याइतका खाली आणतो. माशी तिथेच पडलेली असते. बोट आणि माशी बरोबरीने वाहतात, दोरी सैल राहते आणि माशी कितीतरी लांबवर मोकळी तरंगते. मला तरी यातलं खरं कसब वल्ह्यांचंच वाटतं. अर्थात मधली धार दोरीला ओढू लागलीच, तर दोरीचा तेवढा भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावा लागतो, तोही माशी न हलवता.