मालाची बिल्टी आणि माणसाचा कागद

शनिवारी काष्टीचा बाजार भरला की दौंड-अहिल्यानगर रस्त्याच्या कडेला वाहनांची दाटी होते. जनावरांच्या बाजारासाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. श्रीगोंदे तालुक्यातील कांदा आणि लिंबू यांचीही या परिसरातून मोठी वाहतूक होते. आडतीच्या गाळ्यासमोर ट्रक भरला जातो, ताडपत्री ओढून दोर आवळले जातात आणि मग मुनीम चालकाच्या हाती कागदांची चळत देतो. त्यात बिल्टी असते. गाडीची नोंदणी, परवाना, फिटनेस, विमा व प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि चालकाचे लायसन्स गाडीत आधीपासूनच असते.

या सर्व कागदांत चालकाविषयी सांगणारा कागद एकच, त्याचे लायसन्स. तो गाडी चालवू शकतो, एवढेच ते सांगते. त्याला कामावर कोणी ठेवले, वेतन किती ठरले, आजारी पडल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यावर लिहिलेले नसते. देशात असेतोवर कोणी ते विचारतही नाही. ट्रकने देशाची सीमा ओलांडली, की हेच प्रश्न मालाच्या प्रश्नांइतके महत्त्वाचे ठरतात. तेथे तो चालक ‘परदेशी माणूस’ असतो आणि त्याला काम करण्याचा अधिकार कोणत्या कागदाने दिला, हे दाखवावे लागते.

कांद्याच्या वाटेवरची सीमा

महाराष्ट्राच्या कांद्याला सर्वांत परिचित असलेली परकी सीमा पश्चिम बंगालमध्ये आहे. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर ही नावे कांद्याच्या व्यापाऱ्यांना नवी नाहीत. पेट्रापोलच्या पलीकडे बेनापोल आहे. भारतीय ट्रक शून्यरेषा ओलांडून तेथील आवारात जातो, माल उतरवतो आणि परत येतो. पुढचा प्रवास बांगलादेशी ट्रकमधून होतो. या अल्प अंतरासाठीही ‘कार पास’ लागतो. गाडी, माल आणि चालक यांची त्यावर नोंद असते. बेनापोलच्या आवारापुढे जाण्याचा अधिकार मात्र त्यामुळे मिळत नाही. त्या आवाराच्या फाटकाबाहेर तोच चालक विनापरवाना परदेशी ठरतो.

या अवस्थेचा अर्थ सप्टेंबर २०२० मध्ये कळला. १४ तारखेला केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि सीमेकडे निघालेले ट्रक ठिकठिकाणी अडकले. काही दिवसांनी सीमेवर पोहोचलेला काही माल सोडण्यात आला. तोवर पोत्यांतील कांदा सडू लागला होता. निर्यातदारांच्या नुकसानीचा हिशेब वृत्तपत्रांत आला. त्या गाड्यांचे चालक घरापासून दीड-दोन हजार किलोमीटरवर गाडी सोडून जाऊ शकत नव्हते. खोळंब्याच्या दिवसांचा भत्ता कोणी द्यायचा, हे बिल्टीवर लिहिलेले नसते.

नेपाळच्या सीमेवर चित्र निराळे आहे. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीत राहण्याची व उद्योग करण्याची मोकळीक आहे. त्यामुळे नेपाळी चालकाला भारतीय ट्रकवर काम करण्यासाठी वेगळा कार्यपरवाना लागत नाही. गाडीला मात्र सीमेवर ‘भन्सार’ भरावा लागतो. म्हणजे येथे प्रश्न यंत्राला विचारला जातो, माणसाला नाही.

हीच सुलभता चार देशांत आणावी, या हेतूने भारत, बांगलादेश, भूतान व नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाचा ट्रक आपल्याच चालकासह दुसऱ्या देशात थेट जावा, ही त्यामागील कल्पना होती. भूतानने त्याला अंतिम संमती दिली नाही आणि मालवाहतुकीची ही थेट व्यवस्था नियमित रूप धारण करू शकली नाही. मालासाठी आणि गाडीसाठी भारताने २०१७ मध्ये टीआयआर या आंतरराष्ट्रीय जकात व्यवस्थेत प्रवेश केला. तिच्यामुळे सीलबंद माल प्रत्येक सीमेवर न उघडता पुढे जाऊ शकतो. परंतु चालकाला असे सील लावता येत नाही. त्याचा व्हिसा, त्याचे लायसन्स आणि त्याचा कामाचा अधिकार प्रत्येक देश स्वतंत्रपणे तपासतो.

आखाताकडे निघालेला चालक

परदेशात ट्रक चालवण्याची इच्छा धरणारे बहुतेक तरुण प्रथम आखाताचा विचार करतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ ही नोंद असते. अशा व्यक्तीस आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची संमती घ्यावी लागते. हे काम ‘ईमायग्रेट’ या शासकीय प्रणालीवर होते. मालकाचे नाव, वेतन, कामाचे स्वरूप आणि कराराची मुदत तेथे नोंदवली जाते. प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाख रुपयांचे संरक्षण अशा कामगाराला बंधनकारक आहे. दोन वर्षांसाठी त्याचा हप्ता अवघा २७५ रुपये ठेवलेला आहे.

नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी, एवढेच सेवाशुल्क घेता येते. दलालाने लाखाची भाषा सुरू केली, की तेथेच शंका घ्यावी. भेटीच्या व्हिसावर पाठवून ‘पोहोचल्यावर कामाचा कागद करू’ असे सांगणारा तर सरळसरळ धोक्याच्या वाटेवर नेत असतो. भेटीचा व्हिसा हा पाहुण्याचा कागद आहे. त्यावर ट्रक चालवताना पकडला गेलेला माणूस वेतनही मागू शकत नाही आणि मालकाची तक्रारही करू शकत नाही, कारण तक्रार करताच त्याचा स्वतःचा नियमभंग उघड होतो. शिवाय एका आखाती देशाचा रहिवास परवाना दुसऱ्या देशात काम करण्याचा अधिकार देत नाही. सीमा ओलांडणाऱ्या फेऱ्यांवर जाणाऱ्याने हे करारापूर्वीच विचारून घ्यायला हवे.

युरोपने मालकाला विचारलेला प्रश्न

या विषयात सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद युरोपीय संघात आढळते. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील काही वाहतूकदार संघाबाहेरील देशांतून चालक आणत, त्यांना अत्यल्प वेतन देत आणि कामाचा करार करीत नसत. सीमेवरील अधिकाऱ्याला दुसऱ्या देशातील नोकरीचा खरेखोटेपणा पडताळता येत नसे. त्यावर उपाय म्हणून मार्च २००३ पासून चालक प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. २००९ च्या नियमावलीत ती कायम ठेवण्यात आली.

हे प्रमाणपत्र चालकाला मागता येत नाही. ते वाहतूक संस्थेच्या मालकाने मागायचे आणि मालकालाच दिले जाते. या चालकास आपण कायदेशीर रीतीने कामावर ठेवले आहे आणि देशातील कायदा व वेतनाचे नियम त्याला लागू केले आहेत, हे मालकाने सिद्ध करायचे असते. मूळ प्रत चालकाजवळ गाडीत राहते, प्रमाणित प्रत कार्यालयात राहते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. अटी पाळणे थांबले, तर मालकाने कागद परत करायचा. दरवर्षी प्रचलित प्रमाणपत्रांपैकी किमान २० टक्के प्रमाणपत्रांची तपासणी करण्याचे बंधन शासनावर आहे. म्हणजे चालकाच्या खिशातील हा कागद वस्तुतः मालकाच्या प्रामाणिकपणाचा दाखला असतो.

याखेरीज व्यावसायिक चालकाला पात्रतेचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी करावी लागते. दिवसाला साधारण ९ तास वाहन चालवणे, सलग साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, असे नियम आहेत. आठवड्याची पूर्ण विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये घेण्यास मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा सामंजस्य करार केला. त्यातील व्यवसायांत चालकांचाही समावेश आहे. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने भाषा, तेथील लायसन्स आणि पात्रता यांसाठी लागणारा काळ आधीच धरून चालावे. भारतीय लायसन्सच्या बळावर तेथे अवजड वाहनाची नोकरी मिळत नाही.

दारे बंदही होतात, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये व्यावसायिक ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे स्थगित केले. घर गहाण ठेवून दलालाला पैसे देणाऱ्या कुटुंबाला अशा एका घोषणेने केवढा फटका बसू शकतो, हे व्यापारी घरांना सांगण्याची गरज नाही.

कागद असूनही

कागद पूर्ण असला म्हणजे न्याय मिळतोच असे नाही. २०२३ च्या वसंतात जर्मनीतील ग्राफेनहाउझेन या महामार्गावरील विश्रांतीस्थळी साठहून अधिक ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. ते मुख्यतः जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे होते, नोकरी पोलंडमधील वाहतूक संस्थेची होती आणि माल जर्मनीसह अनेक देशांतील उद्योगांचा होता. थकलेले वेतन मिळाल्याखेरीज हलणार नाही, असे त्यांनी ठरवले. कित्येक आठवडे ते केबिनमध्येच राहिले. आसपासच्या लोकांनी आणि कामगार संघटनांनी त्यांना अन्न पुरवले. एप्रिलच्या अखेरीस पैसे मिळाले आणि संप मिटला. उन्हाळ्यात त्याच ठिकाणी दुसरा संप झाला आणि तो सप्टेंबरअखेरपर्यंत चालला.

व्यापाऱ्यांसाठी या घटनेतील सर्वांत अर्थपूर्ण भाग पुढचा आहे. जर्मनीत जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीविषयीचा कायदा लागू झाला होता. त्याच्या आधारे शासकीय यंत्रणेने ज्यांचा माल त्या गाड्यांत होता, त्या उद्योगांकडेही विचारणा केली. ‘ट्रक आमचा नाही, चालक आमचा नाही, आम्ही फक्त भाडे दिले,’ हे उत्तर पुरेसे मानले गेले नाही. फारच कमी भाड्यात माल पोहोचत असेल, तर उरलेले भाडे कोणीतरी आपल्या झोपेने आणि वेतनाने भरत असते.

बाजाराची जुनी शिकवण

जैन व्यापारी कुळांना हा विचार परका नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ सांगितले आहेत. पेलवणार नाही इतका भार लादू नये आणि वेळेवरचे अन्नपाणी रोखू नये. काष्टीच्या बाजारातून बैल घेऊन जाणाऱ्याला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज बैलाच्या जागी ट्रक आला. पण भुकेला आणि थकलेला जीव आता चालकाच्या आसनावर बसलेला असतो. तिसऱ्या अणुव्रतात ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा दोष मोजला आहे. राज्याची मर्यादा मोडून केलेला व्यापार हा त्याचा अर्थ सीमेवरच्या नाक्याला आजही लागू पडतो. खोट्या कागदावर माणूस पाठवणे आणि खोट्या कागदावर माल पाठवणे, यांत धर्मदृष्ट्या फरक नाही.

परदेशातील नियमांचे कौतुक करताना घरचा कायदाही विसरू नये. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ चाच होता आणि दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा त्यात घातलेली होती. १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. तरीही अनेक पेढ्यांवर चालकाचा व्यवहार तोंडी शब्दावर चालतो. तो शब्द पाळला जातो तोवर ठीक. अपघात, आजारपण किंवा निर्यातबंदी आली की त्या शब्दाला साक्षीदार उरत नाही.

त्यासाठी लांब जाण्याची आवश्यकता नाही. चालकाचे नाव, ठरलेले वेतन, फेरीचा भत्ता, खोळंब्याच्या दिवसाचा दर, विमा आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक एवढ्या नोंदी असलेला एक कागद कोणत्याही पेढीवर अर्ध्या तासात तयार होतो. एक प्रत चालकाजवळ, एक गादीवर. परदेशी जाणाऱ्या ओळखीच्या मुलाचा करार कोणी जाणत्या माणसाने वाचून पाहिला, एजंटाचे नाव शासनाच्या यादीत आहे की नाही हे पाहून दिले, तरी एका घराचे रक्षण होऊ शकते. पारपत्राची छायाप्रत घरी ठेवावी आणि मूळ पारपत्र मालकाच्या कपाटात जाऊ देऊ नये, हे सांगणारा वडीलधारा त्या मुलाला बहुधा गावच्या पेढीवरच भेटतो.

शनिवारचा बाजार उलगला की संध्याकाळी काष्टीतून ट्रक निघतात. कोणी दौंडकडे वळतो, कोणी अहिल्यानगरकडे. त्यातील एखादा कांदा पंधरवड्याने ढाक्याच्या बाजारात विकला जाईल. मुनीम बिल्टीवरचा पोत्यांचा आकडा दोनदा तपासतो, कारण पोते कमी भरले तर नुकसान होते. त्याच वेळी गाडीत बसलेल्या माणसाचा कागदही एकदा तपासून पाहिला, तर त्या पेढीची साख सीमेपलीकडेही टिकेल.