घरचा चार्जर : परवाना नव्हे, मंजूर भार महत्त्वाचा

परळीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे बीड जिल्ह्याचे नाव १९७१ पासून राज्याच्या वीजनिर्मितीशी जोडले गेले आहे. त्याच विजेवर घरची दुचाकी वा मोटार चालविण्याचा काळ आता आला असून, तालुक्याच्या ठिकाणाहून खेड्यातील शाळेत जाणाऱ्या शिक्षकांपासून दूध घालणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत अनेकांना हे वाहन परवडण्याजोगे वाटू लागले आहे. अशा वेळी घरी चार्जर बसविण्यास कोणाची परवानगी घ्यावी, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या कार्यालयात विचारला जाणे स्वाभाविक होय.

स्वतःच्या घरी स्वतःच्या वाहनासाठी चार्जर बसविण्यास ग्रामपंचायतीचा वा नगरपरिषदेचा स्वतंत्र परवाना विहित केलेला नाही. वाहनाचे चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे व तिला विद्युत अधिनियम, २००३ खालील अनुज्ञप्तीची गरज नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. घराच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करता येते, हे जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी निःसंदिग्धपणे सांगितले. अशा वापरास दरही घरगुतीच लागतो. मात्र शेजाऱ्यांची वाहने पैसे घेऊन चार्ज केल्यास तो घरगुती वापर राहत नाही व त्यासाठी वेगळ्या दराची जोडणी घ्यावी लागते.

परवान्याची अडचण नाही, म्हणून काहीच करावयाचे नाही असे मात्र नव्हे. खरा प्रश्न मंजूर भाराचा आहे. दुचाकीचा साधा चार्जर बहुधा एक किलोवॉटच्या आतबाहेर वीज घेतो. घरच्या जोडणीवर तो सहसा निभावतो. मोटारीसोबत मिळणारा पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरील चार्जर सुमारे सव्वातीन किलोवॉट घेतो, तर भिंतीवर बसविण्याचा बत्तीस अँपिअरचा चार्जर सात किलोवॉटच्या वर जातो. एकदोन किलोवॉट मंजूर भार असलेल्या घरात हा चार्जर लावणे म्हणजे वायर, मीटर व गावचे रोहित्र या तिघांवरही अन्याय आहे. रात्री आठ वाजता गावातील दिवे मंद होतात, त्यास असा न कळविलेला भारही कारण होतो. म्हणून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज व अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ग्राहकास वाहनासाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. नव्या जोडणीची किंवा जोडणीतील बदलाची मुदत नगरपालिका क्षेत्रात सात दिवस व ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी आहे.

बीड जिल्ह्यात याहून नाजूक प्रश्न शेतवस्तीचा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज अशा तालुक्यांत कितीतरी कुटुंबे गावठाणापासून दूर शेतातच राहतात आणि तेथे पंपाची लाईन हाताशी असते. राज्य शासनाच्या बळीराजा मोफत वीज योजनेमुळे एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शेतकऱ्यास भरावे लागत नाही; त्यामुळे त्याच स्टार्टरच्या पेटीतून दुचाकी चार्ज करण्याचा मोह होणे समजण्यासारखे आहे. पण ही वीज पाणी उपसण्यासाठी दिलेली आहे. मंजूर प्रयोजनाबाहेर तिचा वापर आढळल्यास अधिनियमाच्या कलम १२६ अन्वये लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. दोनचार रुपयांच्या चार्जिंगपायी हे प्रकरण ओढवून घेण्यापेक्षा वस्तीवरील घरास घरगुती जोडणी मागणे शहाणपणाचे. वस्ती दूर असल्यास खांब व तारांचा खर्च हा अडसर ठरतो, हे खरे. सदस्यांनी अशा वस्त्यांची मागणी एकत्र करून महावितरणच्या उपविभागाकडे दिल्यास प्रश्न मांडणे सोपे जाते.

पंचायतीचा संबंध अन्य दोन ठिकाणी येतो. चार्जरसाठी नवे शेड बांधावयाचे असल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाचे नियम लागू होतात. घर एका बाजूस व वाहन दुसऱ्या बाजूस ठेवून रस्त्यावरून केबल ओढली, तर कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यातील अडथळा दूर करणे हे पंचायतीचे काम ठरते.

राहता राहिली सुरक्षितता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे चार्जिंग केंद्रांसाठीचे नियम घरीही पाळण्याजोगे आहेत : सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे, एक्स्टेंशन बोर्ड लावू नये, प्रत्येक चार्जरचे सर्किट स्वतंत्र असावे आणि तीस मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. पत्र्याच्या घरात तर हे साधन अत्यावश्यक समजावे, कारण सोललेली एक वायर सबंध भिंतीत वीज उतरवते. आर्थिंगवाचून चार्जर लावूच नये. या दुष्काळी मुलखात उन्हाळ्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते.