सोळा मिलिसेकंदांची लाईन

चाकणच्या मोटार कारखान्यात नव्याने लागलेल्या पोराच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक शब्द पडतो: टॅक्ट टाईम. गाडी आपल्या स्टेशनवर आली की ठरलेल्या वेळात काम उरकायचं, लाईन कुणासाठी थांबत नाही. शिफ्ट संपवून हाच पोरगा पिंपरीतल्या खोलीवर येतो आणि पगारातून साठवलेल्या पैशांत गेमिंगचा कॉम्प्युटर जोडायला बसतो, तेव्हा त्याच्या टेबलावरही एक लाईनच उभी राहत असते. तिचा टॅक्ट टाईम आहे सुमारे 16.7 मिलिसेकंद!

गेम न अडखळता पळावा म्हणून पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं लागतात. 1000 मिलिसेकंदांना 60 ने भागलं की हा आकडा येतो. फुल एचडी पडद्यावरच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा. आपली पापणी एकदा लवते तेवढ्यात सहा चित्रं तरी रंगवून झालेली असतात.

या लाईनवर दोन मोठी स्टेशनं. प्रोसेसर म्हणजे टूलरूममधले मुरलेले फिटर: कोअर चार-सहाच, पण कसलंही किचकट काम अंगावर घेणारे. शत्रू कुठे वळला, भिंत आडवी आली का, हे ते ठरवतात. ग्राफिक्स कार्डात मात्र हातांची फौज असते. जीटीएक्स 1650 या साध्या कार्डावर 896 कोअर आहेत. एकेकटा कोअर साधाच, पण सगळे एकदम कामाला लागतात आणि ठिपके आपसांत वाटून घेतात.

पुष्कळ छोट्या हातांनी डोंगर उचलायची ही युक्ती पुण्याच्या ओळखीची आहे. हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 उभा केला. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांनी एकजुटीने सेकंदाला सुमारे 100 कोटी आकडेमोडी करायच्या, अशी त्याची रचना. 1650 ची कमाल क्षमता आहे सेकंदाला जवळजवळ 3 लाख कोटी. अचूकतेची मापं वेगळी असल्याने तुलना ढोबळ. तरीही एका देशाची जिद्द ज्या युक्तीवर उभी राहिली, तीच युक्ती आज कामगाराच्या खोलीत गेम पळवते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पैशांचं गणित. लाईनचा वेग सर्वांत मंद स्टेशन ठरवतं. कार्ड 8 मिलिसेकंदांत मोकळं होत असेल आणि प्रोसेसरला 20 लागत असतील, तर चित्रं 50 च मिळणार. महागडं कार्ड हातावर हात ठेवून बसणार. म्हणून सगळे पैसे कार्डातच न ओतता कमी पैशांत जोडणारे बरेच जण ऑफिसातून निघालेला जुना टॉवर घेतात. त्यात प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट एकत्र मिळतं; उणीव असते ती कार्डाची, आणि पॉवर सप्लायही बेताचाच असतो. पण मदरबोर्डचा स्लॉट स्वतःच 75 वॅटपर्यंत वीज देतो, आणि 1650 ची बरीच मॉडेल्स तेवढ्यावरच चालतात, वेगळी वायर लागत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीला तशीच दुसरी लावावी: माल दोन वाटांनी येऊ लागतो. आधी कॅबिनेटची आतली जागा मात्र मोजून घ्यावी, कारण चपट्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही.

जुन्या टॉवरमध्ये प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी का लावायची, हे भोसरीच्या ग्राइंडिंगवाल्याला समजवावं लागत नाही. आरशासारख्या दिसणाऱ्या धातूवरही मायक्रॉनचे चढउतार असतात, हे त्याला ठाऊक असतं. त्या खाचांत हवा अडकते आणि हवा उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. पेस्ट त्या खाचा भरते. ती वाळली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

यंत्र सुरू झालं की शेवटची कसोटी फुकट आहे. गेम 1280 गुणिले 720 वर आणा. ठिपके 9,21,600 उरतात, निम्म्याहून कमी. चित्रांची संख्या उडी मारून वाढली, तर मंद स्टेशन कार्डाचं होतं. जवळजवळ होती तिथेच राहिली, तर प्रोसेसरच्या बाजूचं. कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन करतात तो टाईम स्टडी पोराने आपल्या टेबलावर केलेला असतो, आणि पुढच्या पगाराचे पैसे कुठे घालायचे ते त्याला कळलेलं असतं.