गिअर पडतो तेव्हा हाताला काय कळतं?

१९८६ आणि १९८७ या दोन सालांच्या पोर्शे ९११ कॅरेरा शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांत फरक सहसा सापडणार नाही. तेच गोल दिवे, तोच मागे उतरत जाणारा छपराचा बाक, तेच शेपटीकडे बसवलेलं ३.२ लिटरचं इंजिन. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की मात्र या दोन गाड्या वेगळ्या होतात. जुनीत थंडीच्या सकाळी दुसरा गिअर टाकताना घाई केली, तर दांडा अडतो. तरीही रेटला, तर आतून कर्रकन आवाज येतो. नवीत तोच गिअर खटकन पडतो. मधल्या काळात गिअरबॉक्स बदलला होता. ९१५ जाऊन तिथे जी-५० आला होता.

हाताला जाणवणारा हा फरक कुठून येतो, हे समजायला दांड्याखाली काय चालतं ते पाहायला हवं. दांडा सरकवला की दात्यांची चाकं एकमेकांत शिरतात, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात पुढे जाण्याच्या गिअरांची चाकं कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. ती फक्त आपल्या शाफ्टवर मोकळी फिरतात. आपला हात हलवतो तो एक दातेरी स्लीव्ह. तो हवं ते चाक शाफ्टशी जखडून टाकतो. पण त्या क्षणी चाक आणि शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ते वेग जुळवायचं काम सिंक्रोनायझरचं. त्यातलं एक कडं घासतं, वेग सारखे होतात आणि मगच स्लीव्ह आत जातो. दांडा ओढताना वाटेत जो बारीकसा अडथळा लागतो, तो म्हणजे हे घासणं.

दुसरा प्रश्न अंतराचा. ९११ चा गिअरबॉक्स मागच्या बाजूला, इंजिनाला लागून पुढे बसतो. दांडा मात्र पुढच्या दोन सीटांच्या मध्ये. हे अंतर जुन्या गाड्यांत एक लांब सळी पार करते आणि तिच्या जोडात छोटे बुश असतात. ते झिजले की दांडा सैल पडतो आणि तिसरा कुठे, पाचवा कुठे, हे चाचपडत शोधावं लागतं. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत स्टिअरिंगजवळ असलेला दांडा चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सांधे वाढले की हाताचा निरोप पुसट होतो.

आता पिढ्यांकडे वळू. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ती ९११ झाली. गिअरबॉक्सकडे मात्र ९०१ हाच आकडा राहिला. त्याच्या पाच गिअरांच्या मांडणीत पहिला गिअर डावीकडे खाली होता. त्यामुळे दुसरा-तिसरा आणि चौथा-पाचवा सरळ रेषेत समोरासमोर आले. शर्यतीत हे सोयीचं, कारण तिथे पहिला गिअर सुरुवातीपुरताच लागतो. शहराच्या रहदारीत तो पुन्हा पुन्हा लागतो, तिथे हीच मांडणी जाचक ठरते. १९७२ च्या मॉडेलपासून अधिक मजबूत ९१५ आला आणि पहिला गिअर नेहमीच्या जागी, डावीकडे वर गेला.

या दोन्ही गिअरबॉक्सांत पोर्शेची स्वतःची सिंक्रोनायझर रचना होती. तिच्यातलं कडं पोलादी आणि एका जागी कापलेलं. स्लीव्ह त्यावर चढू लागला की घर्षणाने कडं आणखी फाकतं. वेगांतला फरक जितका जास्त, तितका विरोध जास्त. वेग जुळले की तो विरोध एकदम विरघळतो. म्हणून नीट राखलेल्या ९१५ मध्ये गिअर मऊपणे, लोण्यात सुरी उतरावी तसा उतरतो. त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं, तेल गरम होईपर्यंत सबुरी ठेवायची. हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याला शिस्त लावतो.

१९८७ च्या मॉडेलमध्ये गेट्राग कंपनीने बनवलेला जी-५० आला. त्यात शंकूच्या आकाराच्या कड्यांची, जगभर रुळलेली सिंक्रोनायझर रचना होती. क्लचही केबलऐवजी हायड्रॉलिक झाला. गिअरच्या जागा स्पष्ट झाल्या आणि घाईचा हातही चालू लागला. पुढे ९९६ या पिढीत लांब सळी गेली आणि केबल आल्या. दांडा हलका झाला, इंजिनाची थरथर हातापर्यंत कमी येऊ लागली. त्या थरथरीबरोबर येणारी थोडी खबरही कमी झाली.

नंतर आला ९९१ या पिढीचा सात गिअरांचा मॅन्युअल. तो पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या भागांवरच उभा केला होता. त्याच्या आतला गिअरांचा क्रम आपल्या नेहमीच्या मांडणीशी जुळत नव्हता, म्हणून मध्ये एक रूपांतर करणारी यंत्रणा बसवावी लागली. सातवा गिअर चुकून पडू नये यासाठी तो फक्त पाचव्या किंवा सहाव्यातूनच घेता येतो. हात आणि चाकं यांच्यामध्ये आणखी एक दुभाषा आला.

२०१३ च्या ९११ जीटी३ मध्ये तर मॅन्युअल उरलाच नाही. पीडीके माणसापेक्षा झपाट्याने गिअर बदलतो, हे खरंच आहे. तरीही २०१६ मध्ये पोर्शेने फक्त सहा गिअरांचा मॅन्युअल असलेली ९११ आर काढली, अवघ्या ९९१ गाड्या. २०१७ मध्ये जीटी३ लाही मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. वेगाच्या हिशेबात हरलेली गोष्ट परत आली, कारण लोकांना त्या दांड्यातून येणारी खबर हवी होती. माझ्या मते चांगल्या गिअरची कसोटी हीच. तो किती हलका पडतो, यापेक्षा आत काय चाललंय हे हाताला किती स्वच्छ कळतं, ते महत्त्वाचं.

हे अनुभवायला ९११ लागत नाही. तुमच्या घरच्या मॅन्युअल गाडीतही अशीच कडी आहेत. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दांडा मुठीत आवळू नका, बोटांनी धरा आणि हलकेच ओढा. वाटेत तो किंचित थांबेल. तिथे जोर लावू नका. त्या क्षणी कडं घासतंय, दोन वेग एक होताहेत. मग दांडा आपणहून आत जाईल.