कडवटपणा एकाचा, गंध दुसऱ्याचा

जर्मन पिल्सनर ही फिकट, कोरडी बिअर. तिच्यात खरपूस मॉल्टची चव नसते, फळांचा वास देणारं यीस्टही नसतं. त्यामुळे हॉप्सची निवड चुकली, तर पहिल्याच घोटाला कळतं. जर्मनीत घरच्या घरी बिअर बनवायला कायद्याने मुभा आहे (महाराष्ट्रात परवान्याशिवाय नाही). तिथल्या नवशिक्यांना चार-पाच जातींची खिचडी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोन जाती पुरतात.

हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं. वाळलेलं फूल उभं फाडलं, की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक, चिकट भुकटी दिसते, ती ल्युप्युलिन. कडवटपणा देणारी आल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं दोन्ही तिच्यातच. पण आम्लं कडवट व्हायला तासभर उकळी लागते आणि तेवढ्यात तेलं उडून जातात. जोडी लागते ती यासाठी.

कडवटपणासाठी मॅग्नम घ्यावा. 20 लिटर पिल्सनरला 30 एकक, म्हणजे लिटरमागे 30 मिलिग्रॅम कडवट द्रव्य हवं आणि तासाभराच्या उकळीत सुमारे 27 टक्के आम्लं उतरतात असं धरू. मग 13 टक्के आल्फाचा मॅग्नम 17 ग्रॅम पुरतो. हेच काम 4 टक्क्यांच्या हालरटाऊअर मिटलफ्र्यूकडून करून घ्यायचं, तर 56 ग्रॅम लागतो. एवढ्या पाल्याबरोबर तुरटपणाही उतरतो. काहींना तो आवडतो. मला पिल्सनरचा कडवटपणा स्वच्छच हवा.

खरा जीव रमतो तो गंधाच्या हॉपमध्ये. बव्हेरियातल्या हालरटाऊचा मिटलफ्र्यू, बोडनझे सरोवराजवळच्या टेटनांगचा टेटनांगर, न्युर्नबर्गजवळचा श्पाल्टर आणि चेक देशातला साझ हे चार जुने मानकरी. त्यातले शेवटचे तीन एकाच कुळातले. त्यामुळे टेटनांगरमध्ये श्पाल्टर मिसळून फारसं काही हाती लागत नाही. मिटलफ्र्यूचं कूळ वेगळं, गंध फुलांकडे झुकणारा. दोन सुगंधी जाती वापरायच्याच असतील, तर त्याच्या जोडीला टेटनांगर शोभतो.

मिटलफ्र्यूची वेल मात्र नाजूक. विसाव्या शतकात मर रोगाने हालरटाऊतले तिचे मळे ओस पाडले. हॉप्सवरच्या केवडा रोगाच्या साथीनंतर 1926 मध्ये हुल इथे संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. तिथेच पुढे पेर्ले, ट्रॅडिशन या काटक जाती तयार झाल्या. मिटलफ्र्यू मिळाला नाही, तर ट्रॅडिशन बिनधास्त घ्यावा. पेर्लेला पुदिन्याची झाक असते. तो मला कडवटपणापुरताच बरा वाटतो.

सुगंधी हॉप उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत 20-25 ग्रॅम घालावा. त्याहून जास्त घातला, तर मॉल्टची चव दबते. आल्फाचं प्रमाण दर हंगामात बदलतं, म्हणून नवीन पाकीट आणलं की त्यावरचा आकडा पाहून ग्रॅमचा हिशोब नव्याने करावा. उरलेले हॉप्स हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवावेत.